हेडसेट पोरीच्या डोळ्यावर, गप्प बसलो आम्ही

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. परदेशातलं हॉस्पिटल, एक बारकं पोरगं डोळ्यावर व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी, डोळे झाकून आत वेगळंच जग दाखवणारा) हेडसेट लावून बसलंय, नर्स दंडात इंजेक्शन देतीय आणि याला पत्ताच नाही, हसतंय आपलं. खाली लगेच सगळ्यांचे अंगठे, 'नाद खुळा', 'आपल्याकडं कधी येणार असलं' वगैरे. आता आपल्याकडं कधी येणार म्हणजे काय, आमच्याच घरातल्या चिऊच्या डोळ्यावर तो हेडसेट कितीतरी महिने चढतोय आणि हे अर्ध्या ग्रुपला माहीत नाही! म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकूया, कारण त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत जे दिसत नाही तेच खरं सांगण्यासारखं आहे.

चिऊ म्हणजे माझी भाची, हे घरातलं नाव, वय ११, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि फुटबॉलची लई शौकीन, पाटाकडीलच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमवर न्या म्हणून दाजींचं डोकं खाते. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. म्हणजे शरीराला हिमोग्लोबिन नीट बनवताच येत नाही, ताई आणि दाजी दोघंही मायनर (म्हणजे नुसते वाहक) निघाले, दोघांना स्वतःला काही त्रास नाही म्हणून लग्नाआधी कुणी टेस्टच केली नव्हती (लग्न ठरवताना पत्रिका बघता तसं हे पण बघा रे बाबांनो, साधी रक्ताची टेस्ट असते). तर दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, त्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं म्हणून ते बाहेर काढायच्या गोळ्या वेगळ्या, आणि लोह नको म्हणून डॉक्टरांनी मटण मोजून खायला सांगितलंय, त्यात लिव्हर तर बंदच. कोल्हापुरात जन्म घेऊन मटण मोजून खायचं, याचं तिला सुईपेक्षा जास्त दुःख आहे असं मला कधीकधी वाटतं.

पण सुईचं पण होतंच. बाहेरच्या माणसाला वाटतं की रक्त चढवायचं म्हणजे एकदा सुई टोचली की झालं. तसं नसतं. आधी क्रॉस मॅचसाठी (चढवायचं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का बघायला) रक्त काढायचं ते एक टोचणं, मग रक्त लावायला हातात कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) घालायची ते दुसरं, आणि सारखं टोचून टोचून शिरा अशा झाल्यात की पहिल्या झटक्यात सापडली तर नशीब. सिस्टर हातावर टिचक्या मारते, पट्टा आवळते, मूठ आवळ म्हणते, हा हात बघते, तो हात बघते, आणि हे सगळं पोरगी डोळे फाडून बघत असते. खरी भीती त्या दोन-पाच मिनिटांची असते, टोचणं सेकंदाचं.

आणि त्या दोन-पाच मिनिटांत आम्ही घरचे काय करायचो ते सांगतो. आज्जी म्हणायची, "काय होत न्हाई गं बाळा, मुंगी चावल्यागत हुतंय." दाजी पाय धरायचे. ताई तोंड फिरवून डोळे पुसायची आणि मी कुठंतरी पंख्याकडं बोट करून "ते बघ चिऊ, ते बघ" करत असायचो. सिस्टर ओरडायची, "हात धरा की घट्ट!" सगळे एकाच वेळी बोलतायत, एकजण खरं बोलत नाही. आणि हे काही आमच्याच घरात चालतं असं नाही, कुठल्याही पोरांच्या वॉर्डात अर्धा तास उभं राहून बघा.

हेडसेट आला तो माझ्या एका मित्रामुळं. त्याचं गेमिंग झोन होतं, ते बंद झालं, आणि एक व्हीआर हेडसेट कपाटात पडून होता. चिऊ एकदा त्याच्या घरी तो लावून खेळली आणि जेवायला हाक मारली तर तिला ऐकूच आलं नाही, तेव्हा ताईच म्हणाली की अरे हे दवाखान्यात नेलं तर? डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या, कधी फिट आलीय का, आणि गाडी लागते का. दोन्हीला नाही म्हटल्यावर म्हणाल्या आणा, पण हात हलता कामा नये.

ही हात न हलण्याची अट वाटते तेवढी सोपी नाही. व्हीआरचे बहुतेक गेम दोन्ही हातात कंट्रोलर घेऊन नाचायचे असतात, आणि इथं एक हात तर सिस्टरच्या ताब्यात. रोलर कोस्टर वगैरे तर विसराच, सुईच्या आधीच उलटी. आम्हाला शेवटी जमलं ते पाण्याखालचं एक शांत ॲप आणि एक मान फिरवून नेम धरायचा गेम, बसल्या जागी, एकाच हातानं. अजून एक भानगड म्हणजे हा हेडसेट चालू केला की आजूबाजूला मोकळी जागा मागतो, आणि डे केअरमधे दोन बेडच्या मधे माणूस आडवा होऊन जातो तिथं मोकळी जागा कुठून आणायची, तर सेटिंगमधे जाऊन एका जागेवर बसून खेळायचं ते निवडायचं. ॲप घरूनच डाउनलोड करून न्यायचं, दवाखान्याच्या नेटवर भरवसा ठेवायचा नाही. चार्जिंग दोन-तीन तास टिकतं, पण आम्ही तसंही सुई लागेपर्यंतच लावतो, पुढचे तीन-चार तास रक्त चालू असताना तिचा अभ्यास नाहीतर मोबाईल.

आता हे चालतं कसं, तर मी जरा वाचत गेलो. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी एक थिअरी मांडली होती की दुखण्याचा निरोप जखमेपासून मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही, मधे मणक्यातल्या मज्जारज्जूत एक दार असल्यासारखं आहे, आणि ते दार किती उघडायचं यात वरून मेंदूपण हात घालतो. भीती असली की जास्त उघडतं, लक्ष दुसरीकडं असलं की कमी. खासबागेत कुस्ती रंगात आलेली असताना पैलवानाला लागलेलं कळत नाही, आखाड्यातून बाहेर आल्यावर कळतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. फक्त ते मुद्दाम घडवून आणायचं कसं हा प्रश्न होता.

ते केलं अमेरिकेत सिएटलला, हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी, १९९० च्या दशकात. हॉफमन आधी कोळ्यांना घाबरणाऱ्या माणसांवर व्हीआर वापरत होते आणि पॅटरसन तिथल्याच हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमधे भाजलेल्या पेशंटच्या वेदनेवर संमोहन वापरून बघत होते. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग म्हणजे काय असतं हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना माहीत आहे, जुनी पट्टी काढायची, जखम घासून धुवायची, आणि हे परत परत करायचं. जबर पेनकिलर देऊनसुद्धा त्यावेळी माणूस किंचाळतो. २००० साली त्यांनी छापलं की १६ आणि १७ वर्षांच्या दोन भाजलेल्या पोरांना ड्रेसिंगच्या वेळी थोडा वेळ साधा व्हिडिओ गेम दिला आणि थोडा वेळ व्हीआर, तर व्हीआरमधे दोघांनाही दुखणं बरंच कमी जाणवलं. दोन पोरं म्हणजे काही पुरावा नव्हे, पण त्यातनं एक कळलं की नुसतं स्क्रीनकडं बघणं वेगळं आणि त्या जगात जाऊन बसणं वेगळं. मोबाईलवर कार्टून लावलं तरी डोळ्याच्या कोपऱ्यातनं सुई दिसतच असते की.

मग त्यांनी भाजलेल्या पेशंटसाठी म्हणून एक खास जग बनवलं, स्नोवर्ल्ड. बर्फाची दरी, त्यातनं हळूहळू तरंगत पुढं जायचं आणि स्नोमॅन, पेंग्विन दिसतील त्यांना बर्फाचे गोळे मारायचे. आगीत होरपळलेल्या माणसाला बर्फात न्यायचं, मला तर ही आयडियाच लई आवडली. काही पेशंटचं ड्रेसिंग पाण्याच्या टबात करावं लागतं म्हणून पाण्यात चालेल असा हेडसेट केला, चेहरा भाजलेल्यांना डोक्याला काही बांधता येत नाही म्हणून तो एका दांड्यावर बसवून डोळ्यासमोर धरायची सोय केली. आणि २००४ मधे धडधाकट माणसांना एमआरआयमधे झोपवून, पायाला चटका देऊन बघितलं, तर व्हीआर चालू असताना मेंदूतल्या दुखण्याशी संबंधित पाच भागांची हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे पोरं नुसतं 'नाही दुखलं' म्हणत नव्हती, आत खरंच काहीतरी बदलत होतं.

पण लगेच उड्या मारायच्या नाहीत. २०२० मधे कॉक्रेनवाल्यांनी (हे लोक जगभरचे अभ्यास गोळा करून तपासतात, आणि कुणाची भीड ठेवत नाहीत) लहान मुलांच्या बाबतीतले १७ अभ्यास तपासले, मिळून १००८ मुलं, ४ ते १८ वयाची, रक्त काढणं, सुई, ड्रेसिंग, दात असलं सगळं. निष्कर्ष काय, तर पुरावा कच्चा आहे, ठामपणे काही सांगता येत नाही. बहुतेक अभ्यास छोटे, आणि शिवाय हेडसेट लावलाय की नाही हे पोराला आणि नर्सला दोघांनाही दिसतंच, औषधाच्या अभ्यासात खोटी गोळी देतात तसं इथं खोटा हेडसेट देणं सोपं नाही. लॉस एंजेलिसच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलचा २०१८ मधे छापलेला एक अभ्यास मला जास्त पटला. त्यात रक्त काढायला आलेली १० ते २१ वर्षांची १४३ पोरं होती, आणि नुसत्या पोरांना न विचारता सोबतच्या पालकाला आणि रक्त काढणाऱ्याला पण विचारलं. तिथं व्हीआरमुळं दुखणं आणि भीती दोन्ही कमी निघालं. त्या तिघांना एकत्र मोजलं हे बरोबर केलं, कारण माझा मुद्दा तोच आहे.

मुद्दा असा की आमच्याकडं हेडसेट घातला चिऊनं आणि गप्प बसलो आम्ही. ती पाण्याखाली मासे बघतीय म्हटल्यावर मुंगी चावल्यागत म्हणायला कुणाला जागाच उरली नाही, ऐकणार कोण? दाजींना पाय धरायची गरज नाही. सिस्टरला कुणी डोळे वटारून बघत नाही म्हटल्यावर ती पण निवांत झाली, दोन्ही हात शांतपणे चाचपून शीर शोधायला लागली, आणि निवांतपणे शोधली की सापडते पण लवकर. त्यात हेडसेटमुळं किती आणि आमच्या गप्प बसण्यामुळं किती हे मला विचारू नका, मला सांगता येणार नाही, पण दुसरा भाग फुकट आहे एवढं नक्की.

मात्र पहिल्याच वेळी चिऊनं एक अट घातली होती. "मामा, मी घालतो हे, पण टोचायच्या आधी सांगायचं. न सांगता टोचलं तर परत कधी घालणार नाही." आमच्या कोल्हापूरच्या पोरी घालतो-जातो असंच बोलतात, आणि बोलल्या की तसंच करतात, त्यामुळं अट पाळली. ठरलं असं की पट्टा बांधताना सिस्टर सांगणार 'पट्टा', बोळा फिरवताना 'गार लागंल', आणि सुईच्या आधी मी खांद्यावर दोनदा थोपटणार. ती हो म्हणाली की मगच सुई. नातेवाईकांपैकी एकजण म्हणाले, अरे मग हेडसेटचा उपयोग काय, तिला कळू न देता टोचायचं की! असं करायचं नाही. एकदाच लस द्यायची असेल तर कदाचित चालूनही जाईल. ब्राझीलमधे हर्मिस पार्डिनी नावाच्या लॅबनं २०१७ मधे लसीसाठी अशीच एक व्हीआर गोष्ट काढली होती, पोरगं गोष्टीतला हिरो आणि नर्सला बाहेर स्क्रीनवर गोष्ट दिसत असते, तिच्याशी मेळ घालून बोळा आणि सुई. छान डोकं चालवलंय यात वाद नाही. पण ज्या पोरीला दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच बेडवर यायचंय तिला एकदा फसवलं की हेडसेट दिसला तरी रडणं चालू होणार, आणि त्यानंतर आमच्यावर पण तिचा विश्वास राहणार नाही.

बाकी जे करणार आहेत त्यांच्यासाठी बारीकसारीक. मेटा कंपनीनं त्यांच्या हेडसेटला वयाची अट २०२३ मधे १३ वरून १० वर आणली, त्यामुळं तीन-चार वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे चढवायच्या भानगडीत स्वतःच्या मनानं पडू नका, तसंही ते अर्धा किलोचं वजन असतं, बारक्यांची मान पुढं झुकते. त्यांना साबणाचे फुगे, गाणं, मांडीवर घेणं हेच बेस्ट. हेडसेट एकाचा दुसऱ्याला द्यायचा असेल तर चेहऱ्याला लागणारी बाजू दर वेळी पुसायची, काचा मात्र कोरड्या मऊ कापडानंच, स्पिरिट लावलं की काचा गेल्याच म्हणून समजा. आणि एक गोष्ट कुठल्या इंग्लिश लेखात वाचायला मिळाली नाही ती म्हणजे उवा! शाळेत जाणाऱ्या पोरींच्या डोक्यात असतातच, त्यामुळं आमच्या सिस्टरनं ऑपरेशन थिएटरमधल्या कागदी टोप्यांचा एक गठ्ठा आणून ठेवलाय, आधी टोपी आणि वर हेडसेट. कसलं सोपं काम, पण हे सुचायला सिस्टरच लागते.

आता गंमत ऐका. गेल्या काही वेळा चिऊ हेडसेट घालतच नाही. पहिल्यांदा म्हणाली, "आज नको, आज मी बघतो." ताई घाबरली, मी पण म्हटलं घाल की गं, चार्ज करून आणलाय. नाहीच. हात पुढं केला आणि सिस्टरला सांगायला लागली की इथली नको ती सरकते, मागच्या वेळी वरची लागली होती बघा. सिस्टरनं वरचीच घेतली. टोचताना तोंड वाकडं केलं, आई गं म्हणाली, झालं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या काही मुलांना बघितलं की बरं वाटतं, काय चाललंय ते आपल्याला कळतंय एवढं त्यांना पुरतं, आणि काहींना अजिबात बघायचं नसतं, दोन्ही बरोबर, फक्त ठरवायचं त्यांनी. मला आपलं उगीचच वाईट वाटलं की एवढं ॲप शोधून ठेवलेलं वाया गेलं. पण मधे ते हेडसेटचे महिने नसते, आपण सांगेपर्यंत कुणी टोचत नाही हे तिला पटलं नसतं, तर ती अशी बघायला लागली असती का, मला नाही वाटत. हेडसेट आता शेजारच्या बेडवरचा एक गारगोटी गावचा पोरगा वापरतो, तो मासे सोडून सगळं बघतो.

मधे एका ओळखीच्या मंडळानं विचारलं की आम्ही एखाद्या सरकारी दवाखान्याला चार-पाच हेडसेट देऊ का. द्या की, नाही कशाला म्हणू. पण फीत कापून फोटो झाल्यावर ते चार्ज कोण करणार, पुसणार कोण, अपडेट मागायला लागले तर बघणार कोण? जिथं एका सिस्टरमागं इतकी पोरं असतात तिथं तिच्या डोक्यावर अजून एक काम टाकायचं. मी त्यांना म्हटलं एकच द्या आणि उरलेल्या पैशात सुन्न करायचं क्रीम घेऊन द्या. त्यांचा चेहरा पडला, क्रीमच्या ट्यूबचा फोटो काय येणार.

पण खरं सांगतो, ज्यांना हेडसेट जमणार नाही त्यांनी त्या क्रीमबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, आम्हाला ते फार उशिरा कळलं. लिडोकेन आणि प्रिलोकेन असं मिळून असतं, जिथं सुई लावायची तिथं जाड थर द्यायचा, वरून चिकटपट्टी, आणि साधारण तासभर ठेवायचं. अडचण हीच की तासभर आधी कुणी लावत नाही, दवाखान्यात पोचल्यावर लावलं तर सिस्टर थांबणार कशी. पण आजरा, गडहिंग्लज, गारगोटीकडनं रक्त चढवायला कोल्हापूरला येणाऱ्यांचा तसाही तासाच्या वर वेळ गाडीत जातोच, घरातनं निघताना लावलं की सीबीएसला (कोल्हापूरच्या मुख्य एसटी स्टँडला) उतरेपर्यंत हात सुन्न. किती लावायचं, कुठं कुठं लावायचं, किती वेळ ठेवायचं हे डॉक्टरांकडनंच ठरवून घ्या, आणि तान्ह्या बाळाला तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. लावायच्या दोन जागा तरी ठेवा, एक शीर नाही मिळाली तर दुसरी. आणि क्रीमनं शिरा थोड्या आकसतात, सिस्टर कुरकुर करते, तेव्हा सुईच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पुसून टाकायचं आणि हात जरा कोमट पाण्यात धरायचा. तान्ह्या बाळांच्या लसीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मधे सांगितलंय की आईनं अंगावर पाजत असताना टोचा, जवळ घेऊन बसा, आडवं दाबून धरू नका, आणि एकाच वेळी जास्त लसी असतील तर सगळ्यात जास्त दुखणारी शेवटी द्या. यात कशालाच चार्जर लागत नाही.

पाण्याखालच्या ॲपचं नाव आणि ते बसून खेळायचं सेटिंग कुठं असतं याचे स्क्रीनशॉट कुणाला पाहिजे असतील तर मेसेज टाका, रात्री दहानंतर उत्तर देतो, दिवसा दुकानात गिऱ्हाईक असतं.